आयाक्समधला भोपळा आणि मिकाउताद्झेचा पूर्ण हिशेब

जॉर्ज मिकाउताद्झेबद्दल एक मजकूर फुटबॉल पाहणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं. जॉर्जियाचा हा स्ट्रायकर म्हणजे एका स्पर्धेत फुगलेला फुगा. युरो २०२४ मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, तीन गोल केले, त्यातले दोन पेनल्टीचे. त्या तीन आठवड्यांच्या पुण्याईवर पुढची सगळी कारकीर्द. नेदरलँड्समधल्या आयाक्ससारख्या मोठ्या क्लबात गेला तेव्हा एकही गोल नाही. फ्रान्समधल्या मेत्झसारख्या छोट्या क्लबातच त्याचं नाणं चालतं. आणि शेवटी हमखास येणारं शेपूट: मुळात तो फ्रान्समध्ये जन्मलेला, जॉर्जियन फक्त नावाला.

यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच हा मजकूर पटकन पटतो. दोन पेनल्टी खऱ्या, आयाक्समधला भोपळा खरा, फ्रान्समधला जन्मही खरा. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. एकेक मुद्दा घेतो.

शेपटापासूनच सुरुवात करू. मिकाउताद्झेचा जन्म ३१ ऑक्टोबर २००० चा, लिऑन शहरातला. आईवडील जॉर्जियन. जॉर्जियन आडनावांच्या शेवटी येणाऱ्या ‘द्झे’चा अर्थ अमक्याचा मुलगा. परदेशात जन्मलेल्या मुलाने आईवडिलांच्या देशाकडून खेळणं ही जागतिक फुटबॉलमधली रोजची गोष्ट आहे. मोरोक्को २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, त्या संघातले निम्म्याहून जास्त खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. त्यांना कोणी नावापुरते मोरोक्कन म्हणालं नाही. जॉर्जियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत आहे. एवढ्या लहान देशाच्या एका मुलाने ती जर्सी निवडली, तर ती निवड त्याची आहे. त्याच्या जन्मदाखल्यावरून त्याचं मन तपासायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता पेनल्टी. युरो २०२४ ही जॉर्जियाची पहिलीच मोठी स्पर्धा. पात्रता मिळाली तीसुद्धा नेशन्स लीगच्या प्ले-ऑफमधून, २६ मार्च २०२४ ला तिबिलिसीत ग्रीसला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून. स्पर्धेतल्या २४ संघांत क्रमवारीने सर्वांत खाली जॉर्जियाच होता. १८ जूनला डॉर्टमुंडमध्ये तुर्कस्तानविरुद्ध ३२ व्या मिनिटाला गिओर्गी कोचोराश्विलीने उजवीकडून आत घुसून बॉल मागे दिला आणि मिकाउताद्झेने तो जवळच्या खांबालगत सारला. युरोच्या इतिहासातला जॉर्जियाचा हा पहिला गोल, आणि तो पेनल्टीचा नव्हता. चेक संघाविरुद्धचा पेनल्टीचा, पोर्तुगालविरुद्धचाही पेनल्टीचा. मान्य.

पण पोर्तुगालविरुद्धचा सामना फक्त गोलांच्या यादीत वाचणाऱ्यांच्या हातून सगळ्यात महत्त्वाचा क्षण निसटतो. सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. अंतोनियो सिल्व्हाचा पास चुकला, बॉल मिकाउताद्झेच्या पायात आला. तो थेट धावत सुटला, योग्य क्षणापर्यंत थांबला आणि साथीदार ख्विचा क्वारात्स्खेलियाच्या धावेपुढे बॉल सोडला. १-०. त्या पासमधलं टायमिंग मी कितीदा पाहिलं असेल याची गणती नाही. अर्धा सेकंद आधी दिला असता तर बचावपटू पोहोचला असता, अर्धा सेकंद उशिरा दिला असता तर क्वारात्स्खेलिया ऑफसाइड. ५७ व्या मिनिटाची पेनल्टी त्यानंतरची. जॉर्जिया २-० ने जिंकला आणि बाद फेरीत गेला. तिथे कोलोनमध्ये स्पेनने ४-१ ने हरवलं, पण तोवर मिकाउताद्झेच्या नावावर तीन गोल लागले होते. हॅरी केन, दानी ओल्मो, जमाल मुसियाला, कोडी खाक्पो आणि स्लोव्हाकियाचा इव्हान श्रान्झ यांचेही तेवढेच. सहा जणांत विभागलेला तो सर्वाधिक गोलांचा मान होता. केनचाही एक गोल पेनल्टीचाच होता. त्यावरून केनला कोणी फुगा म्हणत नाही.

‘युरोनेच त्याला घडवलं’ या मुद्द्याला तर नुसत्या तारखाच पुरेशा आहेत. लहानपणी तो लिऑनच्या अकादमीत होता. तिथे त्याला ठेवलं नाही. पुढे मेत्झच्या अकादमीत वाढला. २०२० मध्ये मेत्झने त्याला बेल्जियममधल्या सेरँ या क्लबाला लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरतं, दिलं. दोन्ही क्लबांचं मालकीचं नातं होतं, त्यामुळे मेत्झची पोरं तिथे खेळून तयार व्हायची. बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीत त्याने गोलांचा सपाटा लावला आणि सेरँ पहिल्या श्रेणीत चढला. मग मेत्झ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत घसरलेला असताना २०२२-२३ चा मोसम आला. ३७ सामन्यांत २३ गोल, श्रेणीत सर्वाधिक. मेत्झ दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा वर आला. आयाक्सने २०२३ च्या ऑगस्टअखेरीस त्याच्यासाठी सुमारे १.६ कोटी युरो मोजले ते या मोसमाच्या जोरावर. तेव्हा युरो अजून दहा महिने लांब होता आणि जॉर्जिया तिथे पोहोचेल की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या स्पर्धेने त्याला म्हणे घडवलं, तिच्याआधीच युरोपातला एक नावाजलेला क्लब पैसे घेऊन दारात उभा होता.

आता आयाक्स. इथे मी थांबणार आहे, कारण सगळा आरोप याच एका खुंटीवर टांगलेला आहे.

आकडा असा: एकूण नऊ सामने, त्यातले सहा लीगमधले, गोल शून्य. बहुतेक वेळा तो बदली खेळाडू म्हणून उतरला. पण २०२३ च्या त्या शरद ऋतूत आयाक्समध्ये काय चाललं होतं, हे या मजकुरात कधीच नसतं. त्या उन्हाळ्यात क्लबाने यूरियन टिंबर, एडसन अल्वारेझ आणि मोहम्मद कुदुस यांना इंग्लंडला विकलं होतं, म्हणजे संघाचा कणाच काढून दिला होता. त्यांच्या जागी घाईघाईने नवे खेळाडू भरले. मिकाउताद्झे आला तो खरेदीची खिडकी बंद व्हायच्या तोंडावर, मोसमाआधीची तयारी चुकवून. खेळाडू निवडायचं काम होतं फुटबॉल संचालक स्वेन मिस्लिंटाट यांच्याकडे. मिकाउताद्झेला येऊन चार आठवडेही झाले नव्हते, तोच २४ सप्टेंबरला प्रतिस्पर्धी क्लब फेयनुर्डविरुद्ध घरच्या मैदानावर ०-३ ने मागे असताना प्रेक्षकांनी फटाके फेकले आणि सामना थांबवावा लागला. त्याच दिवशी मिस्लिंटाट यांना काढलं. उरलेला सामना तीन दिवसांनी रिकाम्या स्टेडियममध्ये झाला आणि निकाल ०-४ लागला. २३ ऑक्टोबरला प्रशिक्षक मॉरिस स्टेन गेले. महिन्याच्या अखेरीस पीएसव्ही या दुसऱ्या डच क्लबाने ५-२ ने हरवलं तेव्हा आयाक्स १८ संघांत तळाला होता. नेदरलँड्समधला सर्वांत यशस्वी क्लब, शेवटच्या नंबरावर!

म्हणजे ज्याने त्याला निवडून आणलं तो महिन्याच्या आत गेला, आणि ज्याने त्याला खेळवायचं तो दोन महिन्यांच्या आत. नवे प्रशिक्षक जॉन व्हान ’त स्किप यांच्यापुढे काम एकच होतं, बुडणारं तारू आधी स्थिर करायचं. अशा वेळी कुठलाही प्रशिक्षक ओळखीच्या माणसाकडे वळतो. तो माणूस होता ब्रायन ब्रॉबी, आडदांड ताकदीचा, बचावपटूला पाठीवर घेऊन बॉल अडवून धरणारा. मिकाउताद्झे त्या घडणीचा नाही. तो समोरच्या संघाची बचावफळी आणि मधली फळी यांच्या मधल्या जागेत खाली येतो, अंगाने हूल देतो, वळतो आणि पुन्हा गोलपुढच्या पेटीत घुसतो. त्याला भोवती हलणारे साथीदार लागतात. त्या वेळच्या आयाक्समध्ये कोणीच नीट हलत नव्हतं. बचाव विस्कटलेला, मधली फळी दर आठवड्याला वेगळी. त्या मोसमात आयाक्स कसाबसा पाचवा आला.

तो पूर्ण निर्दोष होता असं मी म्हणत नाही. मिळालेल्या थोड्या मिनिटांत त्याने एखादी संधी साधली असती तर बरं झालं असतं, आणि १.६ कोटींच्या खेळाडूकडून ती अपेक्षा रास्तच आहे. पण नऊ तुटक सामन्यांवरून माणसाचा कायमचा निकाल लावायचा असेल, तर मग जॉर्जियाच्याच गिओर्गी किंक्लाद्झेचं काय करायचं? १९९८ मध्ये तोही आयाक्सला गेला होता. त्याआधी मँचेस्टर सिटीत सलग दोन मोसम क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, इंग्लंडातल्या जुन्या प्रेक्षकांना आजही आठवणारा हा माणूस आयाक्सच्या रचनेत बसलाच नाही. थोडेसे सामने खेळून तो इंग्लंडातल्या डर्बी या क्लबाला निघून गेला. आणि त्याच काळात, त्याच क्लबात, त्याचाच देशबांधव शोता आर्वेलाद्झे होता. शोता तुर्कस्तानात ट्राब्झोनस्पोरकडून १९९५-९६ मध्ये २५ गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. १९९७ मध्ये आयाक्सला आला आणि पहिल्याच मोसमात लीग आणि चषक दोन्ही जिंकले. एकच जर्सी, एकच शहर, दोन जॉर्जियन, दोन टोकं. किंक्लाद्झेला बॉल खेळता येत नव्हता असं म्हणायची हिंमत कोण करेल?

आयाक्सने जानेवारी २०२४ मध्ये मिकाउताद्झेला लोनवर परत मेत्झला पाठवलं. इथे मजकूर लिहिणारे म्हणतात, ‘बघा, छोट्या क्लबात परतला.’ परतला, आणि त्यानंतरचे चार महिने फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतल्या बचावफळ्यांनी विसरावेत असे नव्हते. त्या मोसमात पहिल्या श्रेणीत त्याचे २० सामन्यांत १३ गोल आहेत. मेत्झ तेव्हा घसरणीच्या काठावर होता. अशा संघाकडे बॉल कमी, संधी कमी, समोरच्या पेटीत माणसं कमी. बलाढ्य संघातल्या तेरा गोलांपेक्षा हे तेरा मला जड वाटतात. शेवटी मेत्झ सोळावा आला आणि सेंट एतिएनविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये हरून खाली गेला. मात्र ती घसरण त्याच्या माथी मारणं म्हणजे घर वाहून गेल्यावर बादलीने पाणी उपसणाऱ्याला दोष देणं.

आणि मोठ्या क्लबात तो विझतो, हा मुद्दा तर २०२४ च्या उन्हाळ्यानंतर कोणी मांडूच नये. मेत्झने त्याला आयाक्सकडून कायमचं विकत घेतलं आणि लगेच लिऑनला सुमारे १.८५ कोटी युरोंना विकलं. लिऑन म्हणजे २००२ ते २००८ सलग सात वेळा फ्रान्सचं विजेतेपद जिंकलेला क्लब. मिकाउताद्झेसाठी तर जन्मगावचा क्लब, ज्याच्या अकादमीत त्याला जागा राहिली नव्हती. तिथे मध्यभागी कर्णधार अलेक्झांद्र लाकाझेत ठाण मांडून होता, त्यामुळे मिकाउताद्झे कधी डावीकडे, कधी लाकाझेतच्या मागे, कधी बाकावरून उठून खेळला. जानेवारीत प्रशिक्षक पिएर साज गेले, पाउलो फोन्सेका आले. क्लबाच्या कर्जामुळे खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याची टांगती तलवार नोव्हेंबरपासून डोक्यावर. एवढं सगळं असूनही मोसमअखेर लीगमध्ये ११ आणि सर्व स्पर्धा मिळून १७ गोल. आयाक्समध्ये गोंधळाने त्याला गिळलं असं मी वर म्हटलं. लिऑनमध्येही गोंधळ होता, फरक एवढाच की इथे त्याला मिनिटं मिळाली.

लिऑनला पैशांची निकड होती. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या तारखेला स्पेनच्या व्हिलारेआलने त्याला तीन कोटी युरोंहून जास्त रक्कम देऊन नेलं. आयाक्सला विकला गेला त्या किमतीच्या जवळपास दुप्पट, तीही ‘फुगा फुटल्यावर’ दोन वर्षांनी. व्हिलारेआल आदल्या मोसमात स्पेनमध्ये पाचवा येऊन चॅम्पियन्स लीगमध्ये, युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, पोहोचलेला. तिथे १ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर समोर इटलीचा युव्हेंटस होता. अठराव्या मिनिटाला मिकाउताद्झेने गोल केला. सामना २-२ सुटला.