जुनं म्हणजे नेमकं कुणाचं जुनं?

वसई पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये) नवीन तरुण फादर आले आणि बघता बघता मिस्साचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, रूपच पालटलं. वेदीवर सहा उंच मेणबत्त्या, मधोमध क्रूस, धुपाचा दरवळ, 'सांक्तूस' (पवित्र, पवित्र) हे गीत लॅटिनमध्ये आणि कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला पुढे गुडघे टेकण्याचे बाक. त्यात मे महिन्याच्या घामट उकाड्यात काळा झगा! (या शेवटच्या गोष्टीबद्दल मला फादरांची फक्त काळजी वाटते.)

चिडलेल्या मंडळींचं पालुपद एकच: "हे सगळं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं बंद केलंय." म्हणजे साठच्या दशकात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनं. नाही हो. त्याच परिषदेचा 1963 चा उपासनेवरचा दस्तऐवज काढून बघा. लॅटिनचा वापर टिकवावा असं त्यात लिहिलंय, ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे जुन्या लॅटिन धर्मगायनाला, मानाचं स्थान दिलंय आणि सोबत लोकभाषेला वाव दिलाय. फादरांनी लोकांकडे तोंड करूनच मिस्सा करावी असा हुकूम त्यात कुठेच नाही. तेव्हा या पोरसवदा फादरांना 'मागासलेले' म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. वेदीसमोर थोडी शांतता आली, लोक मोबाईल खिशात ठेवू लागले, यात वाईट काय आहे?

माझं भांडण वेगळं आहे. परंपरा म्हणून फादर जे आणतायत, ते कुणाच्या आठवणीतलं?

1969 मध्ये रोमनं भारतासाठी उपासनेतल्या बारा बदलांना मान्यता दिली. जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, तेलाचे दिवे, आरती. आज पन्नाशीत असलेल्या माणसाचं पहिलं कम्युनियन त्यानंतरचं आणि मराठी मिस्सात झालेलं. वेदीजवळची समई ही त्याची बालपणापासूनची परंपरा. लॅटिन त्याच्यासाठी कोरं करकरीत नवं. फादर समई बाजूला सारून मेणबत्त्या मांडतात तेव्हा त्यांच्या मते ते जुनं परत आणतायत, आणि समोरच्या बाकावरच्या माणसाला वाटतं आपलं जुनं गेलं.

मला तर वाटतं, यातलं बरंचसं अमेरिकन यूट्यूब चॅनेलांवरून आलंय. तिथल्या वादाला त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुनी लॅटिन मिस्सा मोकळी केली, 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्यावर बंधनं घातली, आणि तट पडले. ती लढाई आपल्या अंगणात आयात करायची गरज काय?

शिवाय बाकांवरची माणसंही आता बदलली आहेत. कुपारी, वाडवळ, कोळी या इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजांच्या घरांशेजारी टॉवर उठले, त्यांत मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तमिळ कॅथलिक आले. त्यांना मराठी मिस्सा परकी, आपल्या पोरांनाही इंग्रजी सोपी. सगळ्यांना सारखीच अनोळखी म्हणून लॅटिन सोयीची, असा युक्तिवाद ऐकलाय. हुशारीचा आहे, पण मराठी मिस्साची एक वेळ त्यात गेली तर मी बोलणारच. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून येऊन 1616 मध्ये येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून गेले, तेही खुद्द पोर्तुगीज अमलात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यातल्या ओव्या का गाऊ नयेत? चारशे वर्षांहून जुनं आहे, आणखी किती जुनं हवं?

गुडघ्यांच्या बाकाचं म्हणाल, तर राहू द्या. पण 2004 च्या रोमच्या सूचनेत साफ म्हटलंय की केवळ गुडघे टेकले किंवा उभा राहिला म्हणून कुणालाही कम्युनियन नाकारता येत नाही. उभं राहणाऱ्या आजीकडे फादरांनी डोळे वटारायचे नाहीत आणि गुडघे टेकणाऱ्या पोराला काकांनी टोमणे मारायचे नाहीत.

आणि फादर, पुढचा बदल धर्मग्राम परिषदेत आधी मांडा. रविवारी येऊन कळतं, ते बंद करा. समई सध्या सामानाच्या खोलीत आहे म्हणे. ती कधी बाहेर येणार, तेही त्याच बैठकीत ठरवू.