काटकसर सुरू आहे, कृपया सहकार्य करावे

काटकसरीचा झटका ज्याला येतो त्याला काहीच होत नाही, जे काय व्हायचं ते घरातल्या बाकीच्यांना होतं. आमच्याकडे तो नवऱ्याला आला, लाईट बिल बघून. बिल त्याने उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं, तरी आकडा काही हलेना, तेव्हा उठला आणि घरातले सगळे मोबाईल चार्जर उपटून एका डब्यात भरून टाकले. आता फोन चार्ज करायचा तर आधी डबा शोधा, मग वायरींचा गुंता सोडवा, तोवर फोनने मान टाकलेली असते.

बरं, आजकालचा बरा चार्जर फोन न जोडता नुसता खोचून ठेवला तर एक दशांश वॉटसुद्धा खात नाही. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिट होणार नाही. आणि आमचा २००० वॉटचा गीझर अर्धा तास तापला की झालं एक युनिट! हा माणूस गरम पाण्याच्या शॉवरखाली उभा राहून ऑफिसातल्या लोकांशी मनातल्या मनात भांडतो आणि सगळी भांडणं जिंकल्याशिवाय बाहेर येत नाही. चार्जरची वर्षभराची बचत एका आंघोळीत वाहून गेली ना, असं म्हटलं तर मला म्हणतो थेंबे थेंबे तळे साचे. अरे साचेल की, पण तळ्याची तोटी सोडून बसलायस त्याचं काय!

मग त्याने ठरवलं की अंदाजपंचे बोलायचं नाही, मोजायचं. त्यासाठी ऑनलाइन स्मार्ट प्लग मागवले, ते वायफायवाले, कोण किती वीज खातंय ते मोबाईलवर दाखवणारे, आणि फ्री डिलिव्हरीला थोडे कमी पडत होते म्हणून सोबत एक टॉर्च (जो कोणालाही नको होता). मग काय, सोफ्यावर बसून आलेख बघणं सुरू. एक शोध मात्र खरंच कामाचा लागला, मान्य करते. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी जागाच असतो, हात लावून बघा, कोमट लागतो. दहा वॉट धरले तरी महिन्याला सात युनिटं नुसती झोपेत जातात. आता रात्री त्याचं मेन बटणच बंद करतो आम्ही. पण ते प्लग? ते स्वतः दिवसरात्र वायफाय धरून बसलेले, साधारण एकेक वॉट खाणारे, म्हणजे ज्या चार्जरवर पाळत ठेवायला आणले त्याच्या दहापट. चोरापेक्षा पहारेकऱ्याचंच जेवण जास्त. हे मी त्याला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तो प्लगवर लावायला अजून एक प्लग मागवेल.

टॉर्च मात्र कामाला आला, कारण घरात आता अंधार असतो. ९ वॉटचा एलईडी बल्ब शंभर तासांच्या वर जळतो तेव्हा कुठे एक युनिट होतं, पण मी बाथरूममध्ये असताना बाहेरून बटण बंद होतं, आणि मग, म्हणजे अंधार करून झाल्यावर, विचारतो, "आत कोणी आहे का गं?"

दुकानात न्यायची तर सोयच नाही. शेल्फसमोर उभा राहून शंभर ग्रॅमला किती पडतात ते काढत बसतो, मागे लोक ट्रॉल्या घेऊन खोळंबलेले. त्याचं चुकत नाही म्हणा, मोठा पॅक दरवेळी स्वस्त असतोच असं नाही आणि जुन्याच आकाराच्या पाकिटात माल कमी झालेला त्यानेच पकडलाय. पण मग स्वस्त पडतं म्हणून कपड्यांच्या लिक्विडचा एवढा मोठा कॅन उचलला की तो मांडीवर घेऊनच आणावा लागला. आणि मोठा कॅन बघितला की हात सैल सुटतो, हे त्याच्या हिशोबात कुठे बसतच नाही. त्या झाकणाच्या आत मापाच्या रेघा असतात, पारदर्शक झाकणावर पारदर्शक रेघा, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि नेहमीच्या कपड्यांना खालची रेघ पुरते. हा काठोकाठ भरून ओततो. आपल्या घरात उजेड कुठून आणायचा तिरकं धरायला, हा प्रश्न वेगळाच.

या सगळ्यात खरी बचत केली सासूबाईंनी. त्या किती दिवस म्हणत होत्या की फ्रीज रात्रभर घरघरतोय, पण फ्रीज काही डब्यात भरता येत नाही म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी त्यांनीच टेबलावरचं ते लाडकं लाईट बिल उचललं, फ्रीजच्या दारात धरलं, दार लावलं आणि ओढलं. अलगद सुटून हातात आलं. "हे बघ, तुझं बिल इथून येतं," म्हणाल्या. दाराचं रबर सैल झालेलं, थंड हवा बाहेर, गरम आत, आणि कॉम्प्रेसरला क्षणाची उसंत नाही. रबर बदललं, फ्रीज भिंतीपासून जरा पुढे ओढला, घरघर थांबली. नवऱ्याने ही बचत स्वतःच्या एक्सेलमध्ये स्वतःच्या नावाने चढवली.

आता त्याने पाण्याकडे मोर्चा वळवलाय. फ्लशची टाकी आतल्या आत गळत असेल तर आवाजही होत नाही आणि पाणी जात राहतं, म्हणून टाकीत रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही आणि खाली भांड्यात रंग उतरतो का बघायचं. चाचणी अगदी बरोबर आहे. फक्त ती सकाळी सगळ्यांची ऑफिसची घाई असताना करायची नसते. टाकीत निळा रंग टाकून, दाराला कडी लावून, मोबाईलवर टायमर लावून साहेब बाहेर खुर्ची टाकून बसले होते.

सासूबाई आल्या, दाराकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"आई, फक्त वीस मिनिटं राहिलीत."

"तुझ्या टाकीची थांबायची तयारी असेल रे," त्या म्हणाल्या, "माझी नाहीये. ऊठ."