'स्टेपनी' म्हणणारा मेकॅनिक चुकत नाही

'स्टेपनी हा शब्द इंग्रजीत नाहीच. आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनी केलेला तो अपभ्रंश आहे. सुशिक्षितांनी स्पेअर व्हील म्हणावं.' असा मेसेज गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. कुणी खाली भर घालतं, की असलाच तर तो लंडनच्या स्टेपनी भागावरून आला असेल. दोन्ही दावे खोटे आहेत. पहिल्याचा तर मला राग येतो, कारण दिवसभर हात काळे करून पोट भरणाऱ्या माणसाला त्यात उगाच अडाणी ठरवलंय.

वेल्समधल्या लानेली गावात थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस हे भाऊ लोखंडी सामानाचा धंदा करत. १९०४ मध्ये त्यांनी मोटारीसाठी जादा चाक काढलं आणि ते 'स्टेपनी' याच नावाने विकलं. म्हणजे शब्द थेट ब्रिटनचा. ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे.

लंडनचं म्हणाल, तर दुकान लानेलीतल्याच स्टेपनी स्ट्रीटवर होतं. नाव त्या रस्त्याचं. लंडनच्या टॅक्स्यांना पुढे ही चाकं लागली, एवढाच त्या शहराचा संबंध.

'स्पेअर व्हील म्हणजेच स्टेपनी' हेही पूर्ण खरं नाही. त्या काळी बहुतेक मोटारींची चाकं रस्त्यात काढता येत नसत. घोड्याच्या नालाचा खिळा घुसला, की तिथेच बसून टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, हातपंपाने हवा भरायची. डेव्हिस बंधूंच्या चाकाला ना आरे होते ना तुंबा. हवा भरलेला टायर चढवलेली नुसती लोखंडी रिंग. पंक्चर झालेलं चाक जागेवरच ठेवून ही रिंग त्याच्या रिमला बाहेरून पकडींनी आवळायची, आणि गाडी चालू लागायची.

पुढे नट काढून अख्खं चाक बदलता येऊ लागलं, तशी मूळ स्टेपनी मागे पडली. काटेकोर बोलायचं तर आज डिकीत असते ती जुन्या अर्थाची स्टेपनी नव्हे. पण काम तेच राहिलं, म्हणून नावही टिकलं. आणि ते फक्त आपल्याकडेच नाही. बांगलादेशात, माल्टात स्टेपनीच म्हणतात. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज वळणाने त्याचं 'एस्तेपे' झालं. उलट आपल्या मेकॅनिकने तर मूळ उच्चारही जवळपास जसाच्या तसा ठेवलाय.