लोड तीनशे, काम शून्य

पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन आला, तेव्हा ज्या वेबसर्व्हरची राखण करणे हे माझे काम आहे तो सर्व्हर माझ्याइतकाच निवांत पडलेला होता. पण हे मला पाऊण तासाने कळायचे होते. सर्व्हरमधले आपल्याला काही समजत नाही, असे साहेब स्वतःच मोकळेपणाने सांगतात. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर ढोबळमानाने किती कामे रांगेत आहेत ते सांगणारा लोड नावाचा एक आकडा दिसतो आणि तो लहान असलेला बरा, एवढेच मी त्यांना एकदा हौसेने शिकवले होते. त्या हौसेची फळे मी गेले वर्षभर भोगतो आहे.

"अहो, दोनशे पंच्याऐंशी झालाय."

"काय झालंय, साहेब?"

"लोड. काल झोपताना अर्धा होता. आणि तुमचा तो पहारेकरी तर काहीच बोलला नाही."

पहारेकरी म्हणजे मी लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट. दर मिनिटाला उठावे, डिस्कवर किती जागा उरली आहे ते पाहावे, मग लोड पाहावा आणि तो आठच्या वर गेला असेल तर मला आणि साहेबांना संदेश पाठवावा, एवढेच तिचे काम. ती गप्प होती, याचा मी सोयीस्कर अर्थ असा लावला की साहेब चष्मा न लावता पॅनेल पाहत असावेत. तरीही लॉगिन केले. अपटाइम ही आज्ञा दिल्यावर लोडचे तीन आकडे दिसले: ३०४, ३०० आणि २९०. साहेबांची नजर उत्तम होती.

हे तीन आकडे अनुक्रमे गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी सांगतात, असे सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात ती साधी सरासरी नसून जुन्या नोंदींचे वजन हळूहळू कमी करत नेणारी सरासरी असते. आमच्या सर्व्हरला चार कोअर आहेत, म्हणजे काम उरकणाऱ्या चार खिडक्या. चार खिडक्यांपाशी तीनशे जण ताटकळत असतील तर संकेतस्थळ एव्हाना गतप्राण व्हायला हवे होते. मी थरथरत्या हाताने ते उघडले. ते नेहमीपेक्षा किंचित लवकरच उघडले.

शहाण्या माणसाने येथे थांबून विचार केला असता. मी कामाला लागलो.

पहिला संशय अर्थातच पाहुण्यांवर गेला. ॲक्सेस लॉग उघडून कोणत्या पत्त्यावरून किती मागण्या आल्या ते मोजले, तेव्हा एका सर्च इंजिनचा बॉट रात्रभर जुनी पाने वाचत बसलेला सापडला. बिचारा दोन मागण्यांमध्ये शिष्टाचार म्हणून थोडा थांबत होता, बॉटांनी काय वाचावे ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमधले सगळे नियम पाळत होता आणि आमच्या संकेतस्थळाचा तो बहुधा एकमेव नियमित वाचक होता. मी त्याला फायरवॉलवर अडवले. लोड ३०९ झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याचे जे समाधान असते, ते मात्र मला चार मिनिटे लाभले.

मग डेटाबेस. अनुभवी लोक वेबसर्व्हरचा लोड वाढला की थेट डेटाबेसकडे बोट दाखवतात आणि दहापैकी बऱ्याच वेळा ते बोट बरोबर ठिकाणी लागते: कुठेतरी इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसतो, दोन ओळी शोधण्यासाठी अख्खा तक्ता वाचला जातो आणि मागे मागण्या तुंबत जातात. मी चालू क्वेऱ्यांची, म्हणजे डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची, यादी मागवली. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक जोडणीपुढे 'स्लीप', म्हणजे काही काम नाही, असे लिहिलेले होते. मंद क्वेऱ्यांच्या नोंदवहीत एक चार सेकंदांची क्वेरी तेवढी सापडली. ती कोणी लिहिली ते शोधून त्याला खडसावणारा मजकूर मी तयार केला आणि पाठवण्यापूर्वी नाव पाहिले. ते माझेच निघाले. इंडेक्स मुकाट्याने घातला. लोड ३१८.

तेवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन. "एकदा बंद करून चालू केलं तर?"

या उपायाचा मला सात्त्विक संताप येतो, कारण तो पुष्कळदा लागू पडतो आणि मग कारण कधीच कळत नाही. पण सकाळची वेळ होती आणि माझ्याकडे दुसरे काही नव्हते, म्हणून तडजोड म्हणून फक्त पाने पुरवणारा अपाची हा प्रोग्राम नव्याने सुरू केला. त्यामुळे त्या क्षणी संकेतस्थळावर असलेल्या मोजक्या माणसांची पाने अर्धवट तुटली. लोडवर परिणाम शून्य.

आता चालू कामे आणि प्रोसेसरची अवस्था दाखवणारा टॉप उघडून मी त्याच्याकडे पाहत बसलो, आणि जे पहिल्या मिनिटाला दिसायला हवे होते ते चाळिसाव्या मिनिटाला दिसले. प्रोसेसर ९७ टक्के रिकामा होता. डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ शून्य. शेजारचा कोणी भाडेकरू आमच्या वाट्याचा वेळ पळवत असेल म्हणावे, तर तो रकानाही शून्य. मेमरी भरपूर, मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या स्वॅपला हातही लागलेला नाही. म्हणजे तीनशेहून अधिक जण रांगेत उभे होते आणि चारही खिडक्यांवरचे कारकून माश्या मारत होते.

आमचा सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालतो, आणि याचे उत्तर तिच्या एका जुन्या सवयीत आहे. बाकीच्या बहुतेक युनिक्स प्रणाली लोड मोजताना प्रोसेसरवर चालणारी किंवा प्रोसेसरसाठी थांबलेली कामेच धरतात. लिनक्समध्ये मात्र १९९३ सालच्या एका दुरुस्तीपासून, डिस्कसारख्या गोष्टीची वाट पाहत निजलेली आणि मध्येच उठवता न येणारी कामेही त्यात मोजली जातात. चालू कामांच्या यादीत त्यांच्यापुढे 'डी' हे अक्षर असते. थोडक्यात, हा आकडा केवळ काम किती चालले आहे ते सांगत नाही. किती जण अडकले आहेत तेही तो त्यात मिसळून टाकतो. खुद्द लिनक्सच्या मूळ कोडमध्ये, हा आकडा ज्या फाइलमध्ये काढला जातो तिच्या माथ्यावर, हा एक खुळा आकडा असून लोकांना तो महत्त्वाचा वाटतो, अशा अर्थाची टिप्पणी आहे. ती साहेबांना वाचून दाखवावी, असा मोह मला झाला होता.

कदाचित डिस्क भरली असेल, या विचाराने मी डिस्कवरची जागा मोजणारी डीएफ ही आज्ञा दिली. उत्तर आले नाही. टर्मिनल अडकले असे समजून दुसरे उघडले आणि तेथेही डीएफ दिली. तिसऱ्यात अधिक जोराने एंटर दाबला. तीन खिडक्या माझ्याकडे पाहत लुकलुकत राहिल्या. चौथ्या खिडकीत मात्र देवाने बुद्धी दिली आणि मी चालू कामांची यादी देणाऱ्या पीएस या आज्ञेने फक्त 'डी' अक्षराची मंडळी काढली. पडदा भरून वाहू लागला: डीएफ, डीएफ, डीएफ. वेळा एक वाजून दहा, एक अकरा, एक बारा अशा ओळीने, एकही मिनिट न चुकता. यादीच्या तळाशी, त्या शिस्तीत न बसणाऱ्या तीन डीएफ माझ्या नावावर होत्या. रोगाचे निदान करायला आलेला वैद्य स्वतःच तीन खाटा अडवून झोपला होता.

मग सगळा उलगडा धडाधड झाला. आमच्या सर्व्हरला एनएफएसने, म्हणजे दुसऱ्या यंत्राची डिस्क नेटवर्कवरून वापरण्याच्या पद्धतीने, बॅकअपच्या यंत्राची डिस्क जोडलेली आहे. ते यंत्र रात्री एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास नाहीसे झाले होते. एनएफएसची जोडणी नेहमीच्या 'हार्ड' पद्धतीची असली की ती पलीकडच्या यंत्राची अनंत काळ वाट पाहते. तक्रार नाही, हार मानणे नाही. माझा पहारेकरी दर मिनिटाला उठत होता, सगळ्या डिस्क मोजायला निघत होता आणि या हरवलेल्या डिस्कच्या दाराशी जाऊन थिजत होता. एका मिनिटानंतर दुसरा पहारेकरी पहिल्याला शोधायला नव्हे, तर तेच काम करायला जात होता. लोड पाहणे आणि संदेश पाठवणे या गोष्टी डिस्क मोजून झाल्यावर येत असल्यामुळे शंख करायची पाळी एकावरही आली नव्हती. पाच तासांची तीनशे मिनिटे, तीनशे पहारेकरी. आणि तो पहिलाच आकडा! ३०४, ३००, २९०: मिनिटाला बरोबर एकने चढणारा लोड असला की पाच आणि पंधरा मिनिटांच्या सरासऱ्या अशाच तेवढी मिनिटे मागे रेंगाळतात. सव्वासहाला सगळा कबुलीजबाब माझ्यासमोर होता आणि मी बॉटच्या मागे लागलो होतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदवहीतही रात्रभर लिहिलेले होतेच की अमुक सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. डीएफला केवळ स्थानिक डिस्क मोजायला सांगणारे 'एल' हे एक अक्षर मी वर्षापूर्वी स्क्रिप्टमध्ये टाकले असते, तर या लेखाला विषय उरला नसता.

बॅकअपचे यंत्र सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. "रात्री देखभालीसाठी बंद केलं होतं," तो म्हणाला, "म्हणजे ते बंदच राहिलं वाटतं." एवढ्या शांतपणे बोलणाऱ्या माणसाची रात्र चांगली गेलेली असते. "करतो चालू," असे म्हणून सात वाजून वीस मिनिटांनी त्याने ते चालू केले.

पुढे काय होणार हे मला अर्ध्या सेकंदाने आधी सुचले असते, तरी मी स्क्रिप्ट मारून टाकली असती. एनएफएस परत आले, आणि रात्रीपासून थिजलेले ३७० पहारेकरी एकाच क्षणी जागे झाले. त्या पहाटे सर्व्हरला तेव्हा कुठे पहिल्यांदा खरे काम मिळाले. प्रत्येकाने डिस्क मोजली, जागा पुरेशी असल्याची खात्री केली आणि कर्तव्यदक्षपणे लोड पाहिला. सरासरी असल्यामुळे तो आकडा अजून उतरलेला नव्हता. मग त्या ३७० जणांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, मला आणि साहेबांना कळवले की लोड आठच्या वर गेला आहे.

मी माझा फोन उशीखाली दाबून अपटाइम पाहिला. एका मिनिटाचा आकडा डोळ्यांदेखत कोसळत होता; पाचेक मिनिटांत तो चारच्या खाली आला, तेव्हा साहेबांचा फोन लागला.

"अहो, तीनशे सत्तर मेसेज आलेत!"

"साहेब, ते रात्रीचे आहेत. आता सगळं ठीक आहे, लोड उतरला."

"कुठे उतरला? इथे अडीचशेच्या वर दाखवतोय."

पॅनेलवर पंधरा मिनिटांचा आकडा दिसतो, हे मला तेव्हा आठवले. तो उतरायला पाऊण तास तरी घेतो, आणि त्या पाऊण तासात साहेबांनी मला सहा वेळा फोन केला. दर वेळी ते नवा आकडा वाचून दाखवत आणि मी रिकाम्या सर्व्हरसमोर बसून "हो साहेब, बघतोय" असे म्हणत होतो.