मयत उर्फ आमचे नाना

नाना गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं, की आम्ही त्यांची मुलं आहोत याला काही पुरावा नाही. गावाला माहीत होतं, आईला तर खात्रीच होती. पण सरकारी टेबलावर खात्री चालत नाही, शपथपत्र चालतं.

नानांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. विषय काढला की म्हणायचे, "ते केलं की माणूस वर्षात जातो." बरं, माणूस हिशेबी. स्कूटरमध्ये कधी किती पेट्रोल घातलं, ते किलोमीटरसकट वहीत लिहिलेलं. दीड एकराचं पुढे काय करायचं, यावर मात्र एक ओळ नाही. वकिलांनी ऐकून आधी "च्च" केलं आणि मग चवीने सांगितलं, "अहो, साधा कागद चालतो. स्टॅम्प नको, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं." दोन साक्षीदार! नानांच्या पत्त्यांच्या डावाला रोज चार जण बसायचे.

वाद असेल तर कोर्टातून वारस दाखला घ्यावा लागेल, म्हणाले. कुठल्या कायद्याखाली? १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. मी मनात हिशेब केला. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती आणि इंग्रजाला आमच्या दीड एकराची काळजी लागली होती. ट्रंकेत कुठल्याशा कंपनीचे कागदी शेअर निघाले होते, त्यांच्यासाठी वेगळं प्रमाणपत्र, तो कायदा १९२५ चा. त्या मानाने हा तरुणच म्हणायचा. शेअर परत ट्रंकेत गेले. आम्ही जमिनीपासून सुरुवात केली, कारण वाद नसला तर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

वाद नव्हताच. भानगड नावाची होती.

सातबाऱ्यावर 'दत्तू सखाराम'. आधारवर 'दत्तात्रय'. पेन्शनच्या कागदावर 'दत्तात्रेय', हा एक मात्रा जास्त. बँकेत 'डी. एस.' आणि मृत्यू दाखल्यावर 'दत्ताजी', कारण तो आणायला गेलेल्या चुलत्याला ऐनवेळी आदर दाटून आला होता. शपथपत्र करायला टंकलेखकासमोर बसलो. त्याने आईला विचारलं, "मयताचं पूर्ण नाव?" आईने मागे वळून पाहिलं, हा कोणाबद्दल विचारतोय म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. "तू सांग." पन्नास वर्षांच्या संसारात तिने नानांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही 'दत्तात्रयराव' असं. म्हणजे हे सहावं.

टंकलेखक शांत होता. "उर्फ टाकू," म्हणाला. आणि टाकत गेला. दत्तू उर्फ दत्तात्रय उर्फ दत्तात्रेय उर्फ डी. एस. उर्फ दत्ताजी, ही सर्व एकाच इसमाची नावे असून. वाचताना वाटलं, आमचे वडील पोस्टात कारकून नसून दरोडेखोर असावेत.

कागद घेऊन तलाठ्याकडे गेलो. तलाठ्याचं नावही आता सरकारने ग्राम महसूल अधिकारी केलंय, म्हणजे तेही उर्फच. त्यांनी वारसांची यादी पाहिली. आई, मी, धाकटा, ताई. "मयताची आई?"

"आजी? आहे की. एक्याण्णव वर्षांची."

"मग तिचं नाव कुठंय?"

तेव्हा ज्ञान झालं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, बायको यांच्या बरोबरीने मयताची आईसुद्धा पहिल्या वर्गात बसते. बाप मात्र दुसऱ्या वर्गात. आजोबा असते तर हे ऐकून त्यांनी उपोषण केलं असतं. नानांनी जमीन स्वतःच्या पगारातून घेतलेली, तेव्हा पाच वारस, प्रत्येकी पाचवा हिस्सा.

आजीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लेकाचं आईने घ्यायचं? असला कसला उलटा कायदा रे?" आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला. शाई लावताना लक्षात आलं, तिच्या अंगठ्यावर रेघा अशा उरल्याच नव्हत्या. कागदावर नुसता जांभळा गोळा उमटला.

आजी वारस झाल्याची बातमी मी कुणाला सांगितली नव्हती. तरी दोन्ही आत्यांचे फोन सुरू झाले. आईला दूध देता का? गार वाऱ्यात बसवू नका. आधी या फोनांचा अर्थ कळेना. वकिलांनी उलगडून सांगितलं: उद्या आजीला काही झालं तर तिचा पाचवा हिस्सा तिच्या लेकरांकडे जाणार, म्हणजे आत्यांकडेही. त्यानंतर मीही आजीला दिवसातून दोनदा तब्येत विचारू लागलो. इतकी काळजी तिने आयुष्यात पाहिली नव्हती. तिने तिसऱ्या दिवशी मला सरळ विचारलं, "मी जायची वाट बघतोयस का न जायची?"

मधल्या काळात धाकटा खुशीत होता, कारण बँकेत नॉमिनी म्हणून त्याचं नाव. नॉमिनी म्हणजे फक्त विश्वस्त, पैसे त्याच्या हातात पडतात पण ते सगळ्या वारसांचे असतात, हे त्याला वकिलांनी समजावलं. तेव्हापासून तो बँकेत मला पुढे घालतो.

नोटीस लागली. पंधरा दिवस हरकतीची मुदत. चावडीवरचा तो कागद मी रोज जाऊन वाचायचो, जणू एखादा अनोळखी माणूस येऊन म्हणणार होता, दत्तू माझाही बाप. कुणी आलं नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि नवीन सातबारा हातात पडला. पाच नावं, सामाईक. नानांच्या नावाला कंस पडला होता.

आजीच्या नावावर नजर गेली. 'गंगाबाई'चं 'रंगाबाई' झालं होतं.

"दुरुस्ती होते," तलाठी म्हणाले. "कलम १५५. अर्ज करा."

घरी येऊन आजीला वाचून दाखवलं. ती दोनदा पुटपुटली, रंगाबाई, रंगाबाई. मग गालातल्या गालात हसली.

"राहू दे की. बरं वाटतंय. लईच अडलं तर उर्फ टाक."