१९७२ हे वर्ष एका टेबलावर मांडून वाचायला हवं

मराठी साहित्यातलं एकच वर्ष निवडायचं झालं तर बरेच जण १९६३ म्हणतील. त्या वर्षी पुण्यातून भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आली. मी मात्र १९७२ म्हणेन आणि त्यावर वाद घालायलाही तयार आहे.

आपण हे वर्ष फार तुकड्यातुकड्यांत शिकलो. 'गोलपिठा' हा कवितासंग्रह दलित साहित्याच्या पेपरात, 'घाशीराम कोतवाल' नाटकाच्या पेपरात, 'साधना' साप्ताहिकाचा विशेषांक जमलं तर चळवळीच्या इतिहासात. दुष्काळ तर थेट भूगोलात. हे सगळं एकाच बारा महिन्यांत घडलं, हे एम.ए. होऊनही कित्येकांच्या लक्षात येत नाही. मग त्या वर्षाचा खरा जोरही कळत नाही.

तो दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. रेशनवर आलेली अमेरिकन मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, गुरं सोडून गेलेली माणसं. देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. दलितांवरच्या अत्याचाराच्या बातम्या सारख्या येत होत्या आणि त्यातला बावडा गावात दलितांवर टाकलेला बहिष्कार आपल्याच पुणे जिल्ह्यातला, इंदापूर तालुक्यातला. मे महिन्यात मुंबईत दलित पँथर ही लढाऊ संघटना उभी राहिली. उभी करणारे बरेचसे कवी आणि लेखक होते, हे विसरू नका.

आणि मग १५ ऑगस्टचा 'साधना'चा विशेषांक. माझ्या मते त्या वर्षाचा कणा हाच.

साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं हे साप्ताहिक. वाचकवर्ग सुशिक्षित, समाजवादी, बराचसा पांढरपेशा. शनिवार पेठेतल्या या साप्ताहिकानं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचा अंक दलितांच्या प्रश्नाला दिला. संपादक होते यदुनाथ थत्ते, अंकाचं काम होतं अनिल अवचट या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे. त्यात पँथरच्या राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापून आला. दलित बाईची विटंबना करणाऱ्याला होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाचा दंड ढाल्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि ज्या भाषेत प्रश्न विचारला, त्या भाषेनं महाराष्ट्र हादरला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनंही जाहीर विरोध केला. मला दुर्गाबाईंबद्दल अतोनात आदर आहे. तीनच वर्षांनी आणीबाणीत त्या ज्या निर्भयपणे उभ्या राहिल्या, तेही मी कधी विसरणार नाही. पण या एका बाबतीत मी ढाल्यांच्या बाजूचा आहे. ज्याचं घर जळतंय त्यानं आधी भाषा सभ्य करून मग हाक मारावी, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

लेख ढाल्यांचा, धग ढाल्यांची. तरी तो छापायचा निर्णय कुणीतरी घेतला होता. आपल्याच वर्गणीदारांना झोंबेल हे ठाऊक असताना घेतला होता. या निर्णयाबद्दल आपण पुरेसं बोलत नाही.

नामदेव ढसाळांचंही तसंच. मूळ खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचा, म्हणजे पुण्याच्या शेजारचाच पोरगा. मुंबईत वाढला, टॅक्सी चालवली आणि तेविसाव्या वर्षी 'गोलपिठा' दिला. त्या कवितेला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. पण प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी, आणि ती लिहिताना हे जग आपल्याला ठाऊक नाही हे त्यांनी लपवलं नाही. नाव झालेल्या लेखकानं नव्या कवीसमोर विद्यार्थी होऊन बसणं मला फार मोठं वाटतं. आजच्या प्रस्तावना काढून बघा, नवोदिताला चार उपदेश केल्याशिवाय पान उलटत नाही.

हेच ते वर्ष, ज्यात तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं. आपले निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉर आडवं आलं, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

आणि १६ डिसेंबरला, पुण्यात भरत नाट्य मंदिरात, तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल'. 'साधना'पासून भरत नाट्य चालत कितीसं लांब? पेशवाईतल्या ज्या पेठांची गोष्ट, त्याच पेठांत पहिला प्रयोग. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे. सोबत सतीश आळेकर, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. माणसांचाच पडदा करून उभी राहिलेली ती रांग मराठी रंगभूमीनं तोवर पाहिली नव्हती.

आता एक गोष्ट बघा. अवचट बी. जे. मेडिकलचे. जब्बार बी. जे. मेडिकलचे. आगाशेही तिथलेच. साहित्य परिषदेच्या मांडवाखालून यातलं कुणी आलं नव्हतं. पुण्याच्या त्या वर्षाला आकार देणारी कितीतरी माणसं स्टेशनजवळच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, ससूनच्या वॉर्डांत घडली होती. रोज गरिबाचं शरीर तपासणाऱ्या माणसांना दुष्काळ आणि जात वर्तमानपत्रातून कळावी लागत नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

'घाशीराम'चे प्रयोग एकोणिसावर थांबवले गेले. नाटक करणाऱ्या पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, या संस्थेतच मतभेद झाले. ही तरुण मंडळी पीडीएतून बाहेर पडली, २७ मार्च १९७३ ला त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं केलं. संस्था सोडली, नाटक सोडलं नाही.

१९७२च्याच नोव्हेंबरात लंडनमध्ये इंग्रज लेखक जॉन बर्जर यांना बुकर पारितोषिक मिळालं. पाच हजार पौंडांतली अर्धी रक्कम त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीला देऊन टाकली. आपल्याकडे त्या सालचा साहित्य अकादमी पुरस्कार गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ला, म्हणजे वारली आदिवासींच्या लढ्याच्या कहाणीला होता. हवा सगळीकडेच तशी होती असं म्हणता येईल. पण हवा कितीही असो, छापखान्यात अंक पाठवायचा की अडवायचा हे एक माणूसच ठरवतो.

म्हणून मला आजच्या संपादकांना, प्रकाशकांना, संमेलनवाल्यांना विचारायचंय. दिवाळी अंक इतके निघतात. त्यातला एक तरी अंक, अख्खा, तुमच्या नेहमीच्या लेखकवर्तुळाबाहेरच्या माणसांच्या हाती देऊन बघाल का? ऊसतोडीच्या टोळीतली बाई, पारधी वस्तीवरचा मुलगा, कचरावेचक संघटनेतली कार्यकर्ती. एखाद-दुसरा लेख घेऊन नव्हे. अंकाची मांडणीही त्यांची, मथळेही त्यांचे. आणि पहिला धमकीचा फोन आला की दिलगिरीची चौकट न छापता?

मराठीच्या प्राध्यापक मित्रांनो, एका सत्रात हे एक वर्ष शिकवा. तो अंक, 'गोलपिठा', 'घाशीराम' आणि दुष्काळाच्या बातम्या एकत्र ठेवून. दुर्गाबाईंचा विरोधही ठेवा, वर्गात भांडण होऊ द्या.

ज्यांनी भरत नाट्यला ते पहिले प्रयोग पाहिले किंवा 'साधना'चा तो अंक हातात पडल्यावर ज्यांच्या घरात वाद झाले, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, सोसायटीत कुणी असतील तर या रविवारी त्यांच्याकडे जा आणि विचारा. त्या दिवशी कोण उठून गेलं, कोण शेवटपर्यंत बसलं, घरी आल्यावर काय बोलणं झालं. लिहून घ्या, तारखेसकट, आणि मला पाठवा. मी जमवतोय.