पानं उलटता येत नाहीत, तेच बरं

नमस्कार. सारा वॉटर्सच्या ‘फिंगरस्मिथ’ या कादंबरीचं ऑडिओबुक मी उचलून धरलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला भाग रटाळ आहे, छापील पुस्तक असतं तर पानं उलटून पुढे गेलो असतो, हा एक. आणि श्रीमंत मुलीशी लग्न करून तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबायचं नि पैसा लाटायचा, हे निव्वळ फिल्मी, हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी बोलू. गोष्ट १८६२ च्या आसपासच्या इंग्लंडमधली. तिथे तेव्हा खासगी रुग्णाला डांबायला घरच्याचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. वेगळी तजवीज केलेली नसेल तर बायकोचा पैसा नवऱ्याच्या हाती जाई. त्यात बदल करणारे कायदे आले १८७० आणि १८८२ साली. कादंबरीकार आणि मंत्री एडवर्ड बुलवर-लिटन यांनी १८५८ मध्ये आपल्या बायकोला, रोझिनाला, असंच डांबलं. तिनं निवडणुकीच्या सभेत त्यांचे वाभाडे काढले होते. बोभाटा झाला, तेव्हा काही आठवड्यांत तिला सोडावं लागलं. यांचेच चिरंजीव पुढे व्हाइसरॉय होऊन आपल्याकडे आले आणि १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा त्यांनी केला. घराण्याची रीतच म्हणायची!

आता रटाळपणा. लंडनच्या लँट स्ट्रीटवर चोरांच्या घरात वाढलेली सू सगळा बेत आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणून तुम्हाला वाटलं, आता उरलं काय? उरतं ते ब्रायरच्या वाड्यातलं रोजचं जगणं: घड्याळाचे ठोके, मॉडच्या, म्हणजे त्या श्रीमंत मुलीच्या, हातातले कायमचे मोजे, तिचा पुस्तकवेडा मामा. तुम्ही भाग संपायच्या आत थांबलात, म्हणून पुढचं फोडत नाही. एवढंच सांगतो, की सू जे बघते ते सगळं तिला कळतंच असं नाही, आणि ती पानं उलटणाऱ्याला तर मुळीच कळणार नाही.

त्या काळी घराघरांत कादंबऱ्या मोठ्यानं वाचल्या जात. ऐकणाऱ्याला पुढे डोकवायची सोय नव्हती. डिकन्स १८६९ पासून आपल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग मंचावरून जाहीरपणे वाचत असे. इथेही सुरुवातीला छोटी सू नाटकात तोच खून बघते आणि खरा समजून किंचाळते. ऑडिओबुकची निवेदिका ज्युआनिटा मॅकमहोन हे सगळं कुठेही घाई न करता वाचते. लांबण लागल्याची तक्रार तुम्ही शेवटच्या भागाबद्दल केली असतीत, तर मी लगेच मान डोलावली असती.

तेव्हा पहिल्या भागाचं शेवटचं प्रकरण तेवढं ऐका, आणि वेग दीडपट करू नका. तरीही नाही पटलं तर खुशाल पुन्हा लिहा, भांडायला मी आहेच.